मागच्या साहेबांचा नंबर

बेर्मेतने तो पांढरा कोट अंगात घालूनसुद्धा पाहिला होता. बाह्या जरा लांब होत्या. काम देऊ केलेल्या आरोग्यधामाच्या मुख्य नर्सबाई म्हणाल्या, "घरी ने, टाके घालून आण आणि सोमवारपासून रुजू हो." तिने कोट घरी आणला, बाह्या आखूड केल्या, इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला. आणि रविवारी त्याच बाईंचा फोन आला. आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा कोरडा. "जागा भरली गं. कोट तेवढा आणून दे."

कोट परत करताना बेर्मेतने विचारलं, "एजे, मोठ्या बहिणीसारख्या तुम्ही, काय झालं ते तरी सांगा."

बाईंनी बाह्यांवरचे टाके निरखले आणि नजर न उचलताच म्हणाल्या, "मला विचारू नकोस, बहिणी. आमच्या साहेबांनी तुझ्या साहेबांना फोन केला होता."

म्हणजे तिच्या मागच्या साहेबांनी, मेदेर सादिरोविचनी, बोललेलं खरं केलं होतं.

किर्गिझस्तानातल्या इसिक-कुल तळ्याच्या उत्तर काठाने एकच रस्ता जातो. एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधल्या पट्टीत जर्दाळूच्या बागा आणि आरोग्यधामं. या आरोग्यधामांचे संचालक एकमेकांच्या मुलांच्या लग्नात जेवतात, एकाच हमामात घाम काढतात. त्यातल्या एकाने एखाद्या नर्सच्या नावावर फुली मारली की ती फुली रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते. बेर्मेतने चौदा वर्षं अशाच एका आरोग्यधामात चिखलोपचाराच्या विभागात काढली होती. लोकांच्या आखडलेल्या गुडघ्यांना, धरलेल्या कमरांना गरम काळ्या चिखलाचे लेप घालायचे, वर चादर गुंडाळायची, वेळ झाली की धुवायचं, हात धरून उठवायचं. तिचे हात त्या चिखलाने मऊ झाले होते आणि कंबर मोडली होती, पण काम तिला आवडायचं.

मग नवे संचालक म्हणून मेदेर सादिरोविच आले. पाहुण्यांची रांग लागता कामा नये, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि विभागात येणाऱ्यांची संख्या दुप्पट केली. माणसं तेवढीच राहिली. लेप घालण्याआधी प्रत्येकाचं बीपी मोजून सही करायची, हे डॉक्टर जिपारगुलचं काम. ती म्हातारी होत आलेली, स्वभावाने गरीब. गर्दी वाढली तशी तिचं मोजणं कमी झालं आणि ती सह्या तेवढ्या करत राहिली. बेर्मेतने दोनदा साहेबांच्या कानावर घातलं. दुसऱ्या वेळी ते हसून म्हणाले, "बेर्मेत, तू चिखल बघ. बाकीचं बघायला मी आहे ना?"

ऑक्टोबरात नारिनहून आलेला सापारबाय नावाचा म्हातारा लेपातून उठता उठता कोसळला. कपाळ फरशीवर आपटलं, रक्त आलं, शुद्ध गेली. त्या दिवशी बेर्मेतने डॉक्टरला विचारलं होतं, "ह्यांचं बीपी?" आणि जिपारगुल म्हणाली होती, "काल ठीक होतं, घाल." म्हातारा वाचला, आठवड्याने आपल्या पायांनी गावी गेला. पण त्याच्या मुलाने येऊन कचेरीत आरडाओरडा केला, तक्रार करीन म्हणाला, आणि साहेबांना कुणाचं तरी नाव हवं झालं.

त्यांनी बेर्मेतला बोलावलं, दार आतून लावलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. "स्वखुशीने नोकरी सोडते असं लिही. नाही लिहिलंस तर निष्काळजीपणाचा शेरा मारून काढीन. मग या काठावर तुला कोण उभं करतं ते बघू."

खिडकीजवळच्या खुर्चीत जिपारगुल बसली होती. बेर्मेतने तिच्याकडे दोनदा पाहिलं. ती बाहेरच्या झाडांकडे बघत राहिली. बेर्मेतने सही केली.

तेव्हापासून हा हिवाळा घरात बसून गेला. तिचा नवरा कुबान याच रस्त्यावर मिनीबस चालवतो, त्यामुळे काठावरची प्रत्येक कुजबुज त्याच्या पाठीमागच्या सीटवर बसून घरी यायची. एकदा तो जेवता जेवता थांबला.

"काय झालं?" बेर्मेतने विचारलं.

"काही नाही."

"बोल की."

"दोन बाया बोलत होत्या. म्हणे, ती हो, म्हातारा उकडणारी." त्याने वाटी बाजूला सारली. "बस थांबवून उतरवणार होतो दोघींना. बर्फ पडत होता म्हणून सोडलं."

बेर्मेत हसली, कारण हसली नसती तर रडली असती. पण त्या रात्रीपासून तिला एक खोड लागली. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती मनातल्या मनात मेदेर सादिरोविचचा फोन ऐकायची. ते काय म्हणाले असतील? 'चोर आहे' म्हणाले असतील? 'दारू पिते' म्हणाले असतील? नेमकं काय सांगतात हे कळलं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं. दुसऱ्या एका ठिकाणी काम विचारायला गेली तर तिथल्या मुलीने तिचं नाव ऐकताच ओठ दाबून हसू लपवलं होतं.

एप्रिलमध्ये, उन्हाळ्याच्या हंगामाची तयारी सुरू झाल्यावर, पूर्वेकडच्या एका नव्या आरोग्यधामातून बोलावणं आलं. तिथल्या प्रमुख दामिरा असानोव्ना स्वतः फोनवर होत्या. आवाज करडा. "गुरुवारी या. येताना मागच्या साहेबांचा नंबर आणा. मी प्रत्येकाच्या मागच्या जागी फोन करते. त्याशिवाय घेत नाही."

बेर्मेतने बिश्केकला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, सालिमाला फोन लावला.

"एवढंच ना?" सालिमा म्हणाली. "माझा नंबर दे. मी होते तुझी मुख्य डॉक्टर. 'अहो, अशी नर्स आम्हाला पुन्हा मिळायची नाही हो!' बघ, जमतं की नाही?"

"अगं, पकडलं गेलं तर?"

"कोण पकडतंय? खोटं तर तो तुझा मेदेर बोलतोय. तो बोलला तर चालतं आणि आपण बोललो की पाप?"

बेर्मेतने सालिमाचा नंबर एका चिठोऱ्यावर लिहून पर्समध्ये टाकला. पण त्याच दुपारी डोक्याला रुमाल बांधून ती डॉक्टर जिपारगुलच्या घरी गेली.

जिपारगुलने दार उघडलं आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग घाईने म्हणाली, "ये, ये, बाहेर का उभी?" तिने दुधाचा चहा ओतला, नान मोडून पुढे ठेवला, जर्दाळूचा मुरांबा आणला, लोण्याची वाटी आणली. हात थांबला तर बोलावं लागेल, अशी भीती वाटत असल्यासारखी ती एकेक वस्तू आणतच राहिली.

"डॉक्टर, बसा," बेर्मेत म्हणाली. "मी भांडायला आलेली नाही. गुरुवारी मला कामासाठी बोलावलंय. तिथली बाई फोन करणार आहे. तुमचा नंबर देऊ का? तुम्ही फक्त माझं काम कसं होतं ते सांगा. सापारबायबद्दल विचारलंच, तर जे झालं ते."

जिपारगुलने कप खाली ठेवला. "मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, बेर्मेत."

"माहीत आहे."

"त्याला कळलं तर तो मला दुसऱ्या दिवशी घालवेल. या वयात मी कुठे जाऊ?"

"मी कुठे जाते आहे ते बघताय ना तुम्ही?"

जिपारगुलचे डोळे भरून आले, आणि तेच बेर्मेतला सहन झालं नाही. रडायचा हक्कसुद्धा हिनेच घेतला, असं तिला वाटलं. ती उठली.

"नान तरी मोड गं," जिपारगुल मागून म्हणाली. "तशी जाऊ नकोस."

नान चाखल्याशिवाय कुणाच्या घरून उठायचं नसतं. बेर्मेतने एक तुकडा मोडून तोंडात घातला. तो चघळत चघळतच ती रस्त्यावर आली.

गुरुवारी कुबानने तिला आपल्याच बसमधून सोडलं. उतरताना म्हणाला, "नाही झालं तर नाही झालं. आपण उपाशी मरत नाही." तिला धीर द्यायला म्हणाला, पण काम मिळणार नाही हे त्याने आधीच धरून चाललंय, असं तिला वाटलं.

दामिरा असानोव्ना साठीकडे झुकलेल्या, ठेंगण्या, केस मागे घट्ट आवळलेल्या. त्यांनी कामाबद्दल पुष्कळ विचारलं. चिखल किती तापवता, कुणाला घालत नाही, माणूस घाबरला तर काय करता. बेर्मेतला बोलता बोलता बरं वाटायला लागलं. किती महिन्यांनी कुणी तिला तिच्या कामाबद्दल विचारत होतं!

"आणि तिथून का निघालात?"

याचं उत्तर तिने आरशासमोर घोकलं होतं. घर लांब पडतं, बदल हवा होता, स्वखुशीने. ते ओठांपर्यंत आलंही.

"नंबर आणलाय ना?" दामिरा असानोव्नांनी हात पुढे केला.

बेर्मेतने पर्समध्ये हात घातला. सालिमाचा चिठोरा बोटांना लागला. सालिमा आत्ता फोन हातात घेऊनच बसली असणार. त्या बाईच्या करड्या डोळ्यांकडे बेर्मेतने पाहिलं आणि तिच्या मनात आलं, ही मला ठेवून घेईल, आणि मग रोज सकाळी हिच्यासमोर उभी राहताना मला हा चिठोरा आठवेल.

तिने हात रिकामाच बाहेर काढला.

"साहेबांचा नंबर मला पाठ आहे," ती म्हणाली. "पण आधी मी काय झालं ते सांगते. मग तुम्ही फोन करा."

आणि तिने सांगितलं. आवाज चढवला नाही, साहेबांना शिवी दिली नाही. गर्दी कशी वाढली, तिने कधी सांगितलं, म्हातारा कसा पडला. "मी नाही म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "डॉक्टर घाल म्हणाल्या, मागे माणसं खोळंबली होती, मी घातला. तेवढं माझं. बाकीचं माझं नाही."

दामिरा असानोव्नांचा चेहरा हलला नाही. "नंबर सांगा. आणि इथेच बसा. तोंडातून शब्द काढायचा नाही."

फोन त्यांनी टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडे घंटी वाजायला लागली.

"ओहो, दामिरा असानोव्ना!" मेदेर सादिरोविचचा तोच गोड, जाड आवाज. "हंगाम कसा काय? आमचे पाहुणे पळवू नका बरं!"

"बेर्मेत ओस्मोनोवा. तुमच्याकडे होती. कशी आहे?"

पलीकडून एक उसासा आला. "बाई वाईट नाही हो. मी कुणाच्या पोटावर पाय देणारा माणूस नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून. एक म्हातारा तिच्या हातून मरता मरता वाचला. आम्ही झाकून घेतलं, बिचारीचं नाव खराब नको म्हणून."

बेर्मेतने खुर्चीची कड धरली. दामिरा असानोव्नांनी तिच्याकडे न बघता बोट वर केलं: गप्प.

"डॉक्टरांनी तपासलं नव्हतं का?"

"तपासलं होतं की! सगळं रीतसर. आणि मी काय म्हणतो, तिने स्वतः लिहून दिलं, स्वखुशीने सोडते म्हणून. चूक नसती तर सही केली असती का? तुम्हीच सांगा."

"त्या कागदावर सही घेताना दार आतून कुणी लावलं होतं, तेही सांगा ना, मेदेर सादिरोविच."

आपण हे बोललो हे बेर्मेतला बोलून झाल्यावर कळलं.

"कोण आहे तिकडे?" आवाजातला गोडवा गेला होता. "दामिरा असानोव्ना, हे काय चाललंय?"

"मी बेर्मेत. सलाम. इतके दिवस तुम्ही माझ्यामागे काय सांगता ते मला माहीत नव्हतं. आज समोर ऐकलं. बरं झालं."

फोन कट झाला.

दामिरा असानोव्नांनी चष्मा काढला. "मी काय सांगितलं होतं?"

"गप्प बसायला."

"आणि?"

"नाही बसवलं."

"माझ्या खोलीत, माझ्या फोनवर!" त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. "तो आता काठभर सांगत फिरेल की दामिरा लोकांना चोरून ऐकवते. जा घरी. काय ते कळवीन."

बेर्मेत परत आली ती तळ्याकडे तोंड करून बसली. संपलं, असं तिने कुबानला सांगितलं. सालिमाने फोनवर कपाळ बडवून घेतलं. "अगं शहाणे, हातात आयता नंबर होता!" आणि तरी आश्चर्य असं, की त्या रात्री बेर्मेतला गाढ झोप लागली. मनातला तो फोन वाजायचा थांबला होता. साहेब काय सांगतात ते तिला आता कळलं होतं, आणि ते ऐकूनही ती खुर्चीतून पडली नव्हती.

पुढे बरेच दिवस काहीच आलं नाही. जर्दाळू फुलले आणि वाऱ्याने झडलेसुद्धा. तिने बाजारातल्या औषधाच्या दुकानात विचारून ठेवलं. मग एका सकाळी दामिरा असानोव्नांचा फोन आला. ना नमस्कार, ना चमत्कार.

"सोमवारपासून या. पहिला महिना बघेन. विभागाची प्रमुख म्हणून नाही, आमच्या नर्सच्या हाताखाली. ती तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे. चालेल?"

"चालेल."

"आणि माझ्या फोनवर पुन्हा बोललात तर मीच दार लावून सही घेईन."

ती थट्टा होती हे बेर्मेतला फोन ठेवल्यावर समजलं.

महिना सरता सरता, चहाच्या वेळी, दामिरा असानोव्ना आपणहून बोलल्या. "तुम्हाला मी त्या दिवशीच्या बोलण्यावर घेतलं नाही. त्या दिवशी तर मी तुमचं नाव खोडलंच होतं. नंतर एक फोन आला. कुणीतरी बाई. नाव सांगेना. एवढंच म्हणाली, त्या म्हाताऱ्याचं बीपी त्या दिवशी मोजलं नव्हतं, आणि मोजायचं काम त्या नर्सचं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही कोण? तर ठेवून दिला." त्यांनी बेर्मेतकडे रोखून पाहिलं. "कोण असेल?"

"काय सांगू," बेर्मेत म्हणाली.

तिला माहीत होतं. दिवसभर लेप घालताना तिच्या मनात दोन्ही गोष्टी उकळत राहिल्या. बोलली तर खरी! पण नाव नाही सांगितलं. स्वतःचं कातडं वाचवून दिलेली मदत. आभार मानावेत की दार वाजवून जाब विचारावा, हे तिला ठरवता येईना, म्हणून तिने दोन्ही केलं नाही.

जूनमध्ये रविवारच्या बाजारात, वाळवलेल्या माशांच्या दुकानांपुढे, जिपारगुल अचानक समोर आली. उन्हात तिचा चेहरा फारच ओढलेला दिसला.

"काम लागलं म्हणे तुला."

"लागलं."

"बरं झालं." ती जाईना. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिली. मग एकदम म्हणाली, "मेदेरने आता माझ्या डोक्यावर दुसरी डॉक्टर आणलीय. भाची की कोण. मला सकाळ-संध्याकाळ पाहुण्यांसमोर टोमणे. निवृत्तीपर्यंत काही मी तिथे टिकत नाही, बेर्मेत. तुमच्याकडे डॉक्टरची जागा निघालीय ना?"

"निघालीय."

"मी अर्ज करावा म्हणते. पण दामिरा असानोव्ना तुला विचारेलच. काय सांगशील माझ्याबद्दल?"

हिवाळाभर बेर्मेतजवळ या बाईसाठी धारदार वाक्यं साठली होती. आता ती आयती समोर उभी होती आणि एकही वाक्य नीट हाताशी येईना.

"जे घडलं ते सांगेन, डॉक्टर. बीपी मोजलं नव्हतं तेही. त्या खोलीत तुम्ही बसला होतात तेही."

जिपारगुलने मान खाली घातली.

"आणि नंतर एका बाईने फोन करून खरं सांगितलं, तेही सांगेन."

"तुला कळलं होतं?"

"चौदा वर्षं तुमचा आवाज ऐकलाय. नाव का नाही सांगितलंत?"

"घाबरले," जिपारगुल म्हणाली. तिने निमित्त काढलं नाही. मासेवाली मध्येच "घ्यायचे की नुसते बघायचे?" म्हणून ओरडली, तशा दोघी बाजूला सरकल्या. जिपारगुलने विचारलं, "आणि नाव मीच जाऊन सांगितलं तर?"

"मग मला सांगायचं काही उरणार नाही."

पुढच्या आठवड्यात दामिरा असानोव्नांनी बेर्मेतला खोलीत बोलावलं. "एक डॉक्टर येऊन गेल्या. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, एप्रिलमधला फोन माझा होता, आणि बीपी न मोजता सही करणारी पण मीच. तीस वर्षांत मी असा अर्ज ऐकला नाही. त्यांच्या मागच्या जागी फोन करण्यात अर्थ नाही. तो काय सांगेल ते मला ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला विचारते. त्यांच्यासोबत काम कराल?"

बेर्मेतच्या डोळ्यांपुढे ती खिडकी आली, आणि खिडकीबाहेर बघत राहिलेली ती मान.

"आज नका विचारू," ती म्हणाली. "मला जरा वेळ द्या."

दामिरा असानोव्नांनी दिला. दोन दिवस बेर्मेत हाच विचार करत कामाला जात राहिली. कुबानने विचारलं तर म्हणाली, "मला राग आहे, आणि तो जाणार नाही. तो ठेवून काम होतं का, ते बघते आहे." तिसऱ्या दिवशी सकाळी तिने कोट चढवला, दामिरा असानोव्नांच्या दारावर टकटक केली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली,

"घ्या त्यांना. पण बीपी माझ्यासमोर मोजायचं. प्रत्येकाचं."